सासूबाई ८१ वर्षांच्या, कोरड मात्र सुनेच्या तोंडाला

बार्शीजवळच्या एका गावातून शिक्षिका असलेल्या एका ताईंचं पत्र आलंय. लांबलचक आहे, म्हणून थोडं आटोपून देते.

‘डॉक्टर, मी ५२ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. दिवाळीत चकलीचा तुकडा घशात अडकला, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की तोंडात पाणीच नाही. तेव्हापासून सारखी कोरड. पाढे म्हणून घेताना जीभ टाळ्याला चिकटते. ज्वारीची भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही. रात्री दोन-तीनदा पाण्यासाठी उठते, मग लघवीला उठते. दोन दाढा हिरडीलगत किडल्यात. पर्समध्ये खडीसाखर आणि लिंबाच्या गोळ्या ठेवते, त्यावर दिवस निघतो. बीपीची गोळी दोन वर्षांपासून, शिंकांची गोळी रोज, आणि मान आखडते म्हणून दसऱ्यापासून रात्री एक छोटी गोळी. पाकिटावरची नावं सोबत लिहिली आहेत. गावातले डॉक्टर म्हणाले, वय झालं, चालायचंच. मैत्रीण म्हणते, हार्मोनच्या गोळ्या घे, तिला बरं वाटलं. पण माझ्या सासूबाई ८१ च्या आहेत, कडक भाकरी नि ठेचा पाण्याशिवाय खातात. मग हे वयाचं कसं? आणि हार्मोनचं असेल तर गोळी सुरू करू का?’

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या सासूबाई रोज ताटावर बसून देतायत. नुसत्या वयाने तोंड असं वाळत नाही.

वयाने लाळग्रंथी बदलत नाहीत असं नाही. कानापुढे एक जोडी, जबड्याखाली दुसरी, जिभेखाली तिसरी, आणि ओठ, गाल, टाळूत विखुरलेल्या शेकडो बारीक ग्रंथी, असा हा सगळा संसार. सगळ्या मिळून दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. सूक्ष्मदर्शकाखाली ग्रंथीचा तुकडा द्राक्षाच्या घडासारखा दिसतो. त्यातला एकेक मणी लाळ गाळतो. तरुणाचा घड भरगच्च असतो. म्हातारपणी त्यातले साधारण ३० ते ४० टक्के मणी गेलेले असतात आणि त्यांच्या जागी चरबी आणि धागे आलेले असतात. हे चित्र बघून डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनी ठरवून टाकलं की म्हातारपण म्हणजे कोरडं तोंड. पण औषधं न घेणाऱ्या धडधाकट म्हाताऱ्यांची लाळ जेव्हा प्रत्यक्ष मोजली, तेव्हा जेवताना कानापुढच्या ग्रंथीतून येणारी लाळ तरुणांइतकीच निघाली. जबड्याखालच्या ग्रंथीतून दिवसभर झिरपणारी लाळ मात्र थोडी कमी होते.

म्हणजे निसर्गाने गाडीला चार बैल जुंपलेत आणि ओढायला दोनच पुरतात. वयाने एखादा लंगडा झाला तरी गाडी चालते. सासूबाईंची चालतेय ना! शिवाय भाकरी चावणं हाच त्या ग्रंथीचा व्यायाम. मऊ भात आणि चहात बुडवलेली बिस्किटं खाणाऱ्या आजीपेक्षा तुमच्या सासूबाईंची ग्रंथी जास्त कामात असते.

पण गाडीवर ओझं वाढलं, तर लंगड्या बैलाची उणीव जाणवायला लागते. तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालंय असं मला वाटतं.

आता हार्मोनकडे वळू. मैत्रिणीचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. लाळग्रंथींच्या पेशींवर आणि तोंडाच्या आतल्या नाजूक अस्तरावर इस्ट्रोजेन या बायकी हार्मोनला ओळखणाऱ्या जागा असतात. एक गंमत सांगते. पाळीच्या मध्यावर, बीज सुटायच्या सुमाराला, बाईच्या लाळेचा थेंब काचेवर वाळवून भिंगाखाली धरला तर नेच्याच्या पानासारखी नक्षी दिसते. इस्ट्रोजेन वाढलं की लाळेतल्या क्षारांचं प्रमाण बदलतं, त्याची ही नक्षी. इतर दिवसांत नुसते ठिपके. (गर्भ राहू नये म्हणून त्यावर विसंबू मात्र नका, फार बेभरवशाचं आहे ते.) अंडाशयात काय चाललंय, याची खबर तोंडाला असते, एवढं त्यातून कळतं.

मग इस्ट्रोजेन ओसरलं की तोंडालाही जाणवणारच. आपल्याकडे बायकांची पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. त्यानंतर कोरडीची तक्रार वाढते, हे बहुतेक सगळ्यांना दिसलंय. काही अभ्यासांत लाळ मोजल्यावर खरंच कमी भरली, काहींत तेवढीच भरली, पण बाई म्हणते कोरडं वाटतं. ती खोटं बोलत नसते. अस्तर पातळ झालेलं असतं, लाळेचा बुळबुळीतपणा कमी झालेला असतो, आणि माणसाला कोरड जाणवते ती स्वतःच्या नेहमीच्या लाळेच्या निम्म्यावर आल्यावर. जिची आधी भरपूर होती, तिची निम्मी लाळसुद्धा पुस्तकाच्या हिशेबात ‘नॉर्मल’ भरते आणि डॉक्टर तिला घरी पाठवतात. त्यात मुळात बायकांच्या ग्रंथी पुरुषांपेक्षा लहान, त्यामुळे लाळही थोडी कमी. काठावरून सुरुवात, मग काठावरून घसरायला वेळ लागत नाही.

पुरुषी म्हणून ओळखली जाणारी हार्मोनंही या गोष्टीत आहेत. नर उंदराच्या जबड्याखालची ग्रंथी मादीपेक्षा इतकी वेगळी असते की नुसती बघून नर-मादी सांगता येते. नराच्या त्या ग्रंथीतच मज्जातंतू वाढवणारा पदार्थ भरपूर सापडला. त्याच ग्रंथीच्या अर्कात आणखी काहीतरी आहे, हे कळलं ते असं, की तो टोचलेल्या नवजात पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडले. या दोन शोधांसाठी रीटा लेव्ही-माँताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं. उंदराची थुंकी म्हणून नाक मुरडू नका, एवढंच. माणसात स्त्री-पुरुषांच्या ग्रंथीत इतका फरक नसतो. पण बाईच्या लाळग्रंथीलाही थोडं पुरुषी हार्मोन लागतं. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून डीएचईए नावाचा कच्चा माल येतो, त्याचं लाळग्रंथी जागेवरच रूपांतर करून घेते. हा कच्चा माल विशी-पंचविशीत सगळ्यात जास्त असतो, मग वर्षागणिक उतरतो, आणि सत्तरी-ऐंशीत पाचवा हिस्सासुद्धा उरत नाही. म्हणून पाळी गेल्यावर बाईच्या ग्रंथीचे दोन्ही आधार सैल होतात.

इथपर्यंत मैत्रीण बरोबर. तरीही मी तुम्हाला हार्मोनची गोळी घ्या म्हणणार नाही, कारण तुमच्या पत्रात याहून जवळचा चोर सापडलाय.

पाकिटावरची नावं उतरवून पाठवलीत, हे फार बरं केलंत. पत्र वाचताना मी त्या ओळीवर थांबले. मानेसाठी म्हणून दिलेली ती छोटी गोळी अमिट्रिप्टिलिन आहे, १० मिलिग्रॅम. दसऱ्याला गोळी सुरू झाली आणि दिवाळीत चकली अडकली. मध्ये तीन आठवडे. लाळ गाळ म्हणून ग्रंथीला हुकूम येतो तो मज्जातंतूच्या टोकाशी सुटणाऱ्या ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनातून. ते जिथे येऊन बसायचं, तिथे ही गोळी आधीच ठाण मांडून बसते. हुकूम निघतो, पोचत नाही. (माणूस घाबरला की तोंडचं पाणी पळतं म्हणतो ना आपण, तिथेही हीच लाळेची आज्ञा थंडावलेली असते. मराठीने ते शरीरशास्त्राच्या कितीतरी आधी नोंदवून ठेवलंय.)

शिंकांची सेटिरिझिन तोंड थोडंसं वाळवतेच. बीपीच्या पाकिटावर टेल्मिसार्टनच्या पुढे हायड्रोक्लोरोथायझाइड लिहिलंय, ते लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं औषध. तिन्ही गोळ्या सुट्या सुट्या घेतल्या तर फार काही नाही. तिन्ही मिळून, त्यात इस्ट्रोजेन ओसरलेलं, मग भाकरी कशी उतरेल? तोंड वाळवू शकणारी औषधं चारशेच्या वर आहेत. साठीनंतर लोक कोरडे दिसतात त्याचं मोठं कारण त्यांच्या वाढदिवसांत नाही, त्यांच्या गोळ्यांच्या डबीत असतं.

मी स्वतः दातांची डॉक्टर असून यात फसलेय. पन्नाशीला माझं तोंड असंच वाळलं. मी तीन महिने ‘मेनोपॉज, दुसरं काय’ म्हणत बसले, मैत्रिणींना सल्लेही दिले. लघवीची घाई होते म्हणून एक गोळी सुरू झाली होती, ती तोंडाची लाळही आटवते, हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी झोपेत सांगितलं असतं. स्वतःच्या डबीकडे बघायचं मात्र सुचलं नाही.

आता काय करायचं. गोळ्या मनाने बंद करू नका, बीपीची तर अजिबात नाही, आणि अमिट्रिप्टिलिनही डॉक्टरांना विचारून टप्प्याने. ज्यांनी ती दिली त्यांच्याकडे जा आणि तारखा सांगा: दसऱ्याला सुरू, दिवाळीत कोरड. तारखांपुढे ‘वय झालं’ फार वेळ टिकत नाही. मानेसाठी व्यायाम किंवा दुसरं औषध चालेल का, रोजच्या शिंकांना नाकात मारायचा स्प्रे पुरेल का, बीपीच्या गोळीतला तो दुसरा घटक बदलता येईल का, हे तीन प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या.

त्याच फेरीत रक्त तपासून घ्या. साखर तर आधी. रात्री उठून पाणी पिणं आणि लघवीला जाणं हे नुसत्या कोरडीनेही होतं, पण मधुमेहाचंही तेच रूप, आणि तो राहून गेला तर माझं हे सगळं पुराण वाया. सोबत हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड. जीभ चटचटत असेल, तिखट नसलेलंही झोंबत असेल तर बी-१२ आणि लोहाकडे विशेष लक्ष द्या. पाळी गेलेल्या बायकांत लाळ नीट असूनही नुसती आग होण्याचा एक वेगळा आजारही असतो, तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

जायच्या आधी घरी एक मोजमाप करा. सकाळी चहा-नाश्ता होऊन दीड-दोन तास गेल्यावर शांत बसा. औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकण हातात घ्या. एकदा गिळून घ्या, मान पुढे झुकवा, आणि १५ मिनिटं तोंडात जमेल ते आपोआप झाकणात ओघळू द्या. थुंकायचं नाही, गाल चोखायचे नाहीत, चिंचेचा विचारही करायचा नाही. मग फेस खाली बसू द्या आणि बिनसुईच्या सिरिंजने मोजा. चार-पाच मिली भरली तर उत्तम. दीड मिली किंवा त्याहून कमी असेल तर ती खरीखुरी कमतरता, नुसता भास नाही. आकडा तारखेसह लिहून ठेवा. गोळ्या बदलल्यावर सहा आठवड्यांनी पुन्हा मोजा. दवाखान्यात माझी परीक्षा याहून ओबडधोबड असते: छोटा आरसा गालाच्या आतून फिरवते. ओल्या तोंडात तो सरकतो. कोरड्या तोंडात चिकटतो, आणि ओढला की टच्चकन सुटतो. तो आवाज आला की मी पेशंटला पहिला प्रश्न विचारते, गोळ्या कोणत्या चालू आहेत?

आता एक प्रश्न थोडा संकोचाचा. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं का? खालच्या बाजूलाही कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं आहे का? सांधे सकाळी आखडतात, कानाखाली गाल सुजतो असं काही? खालचा कोरडेपणा एकट्याने पाळी गेल्यावर पुष्कळांना होतो आणि त्यावर तिथेच लावायचं इस्ट्रोजेनचं मलम मिळतं, गप्प बसून सोसू नका. पण डोळे, तोंड आणि सांधे तिघांनी एकदम तक्रार केली तर शोग्रेन्स नावाच्या आजाराची तपासणी व्हायला हवी. हेन्रिक शोग्रेन हे स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ. त्यांनी १९३३ मध्ये आपला प्रबंध मांडला तो १९ रुग्णांवर, आणि १९ च्या १९ बायका होत्या. आजही दहा रुग्णांत नऊ बायका, बहुतेक चाळिशी ते साठीच्या. शरीराची स्वतःची संरक्षक फौजच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. या बायकांच्या ग्रंथीत ते डीएचईएचं रूपांतर नीट होत नाही असं आढळलंय. म्हणून डीएचईएच्या गोळ्या देऊनही पाहिल्या, पण नकली गोळीपेक्षा कोरडीला काही जास्त फरक पडला नाही. हार्मोनचा संबंध असणं आणि हार्मोनची गोळी लागू पडणं, यात असं अंतर असतं.

तेच इस्ट्रोजेनच्या गोळीचं. कोरड्या तोंडासाठी ती दिलेल्या अभ्यासांत कुठे लाळ वाढली, कुठे काहीच झालं नाही. अंगातून वाफा, रात्रीचा घाम, झोपेचं खोबरं, असा त्रास असेल आणि स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या असा इतिहास नसेल, तर साठीच्या आत स्त्रीरोगतज्ज्ञ ती विचारपूर्वक देतात, आणि तेव्हा तोंडालाही बरं वाटलं तर तो वरचा फायदा. मैत्रिणीचं कदाचित तसंच झालं असेल. एकट्या तोंडासाठी मी ती घेणार नाही, तुम्हालाही सांगणार नाही. लाळ वाढवणारी पिलोकार्पिन नावाची गोळी आहे, पण ती शोग्रेन्ससारख्या दुखण्यात, ग्रंथीत थोडा जीव असेल तर. दमा असणाऱ्यांना नाही, काचबिंदूच्या काही प्रकारांतही नाही, आणि तिने घाम फुटतो. आधीच घामाघूम होणाऱ्या बाईला आणखी घाम!

आता तुमच्या पर्समधला खजिना. खडीसाखर आणि लिंबाची गोळी आजच बाहेर काढा. हे मी कळकळीने सांगतेय, कारण त्या दोन दाढा कोरडीने किडल्या त्याहून जास्त या गोळ्यांनी किडल्या. साखर चघळली की तोंडात आम्ल तयार होतं. चांगली लाळ असेल तर अर्ध्या-पाऊण तासात ते मारून टाकते. तुमच्याकडे लाळ नाही, आणि दर वीस मिनिटांनी नवी गोळी. दिवसभर दात आम्लातच. दाताचं वरचं कवच साधारण ५.५ पीएचला (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त) विरघळू लागतं, पण वयाने हिरड्या सरकून उघडी पडलेली मुळं त्याच्याही आधी, सहाच्या वरच हार मानतात. म्हणून कीड हिरडीलगत. लिंबाच्या गोळीत तर साखर आणि आम्ल दोन्ही, चोराला किल्ली देण्यासारखं. वर्गात घोटभर पाणी घ्या, गटागट नको, नुसती जीभ भिजेल इतकं. पोरांना सांगा, बाई मधेच पाणी पितात म्हणून हसायचं नाही. मधल्या सुट्टीत बिनसाखरेचं झायलिटॉलचं च्युइंग गम, नाहीतर वेलदोड्याचे दाणे किंवा भाजलेली बडीशेप, रंगीत साखरेची नव्हे. सुपारी नको, आवळा सुपारीही नको.

रात्री लाळ तशीही जवळपास थांबते, सगळ्यांचीच. म्हणून झोपण्यापूर्वीचं दात घासणं तुमच्यासाठी सकाळपेक्षा महत्त्वाचं. पेस्टवर फ्लोराइड १००० पीपीएम लिहिलंय का बघा. पुष्कळ हर्बल पेस्टमध्ये ते नसतंच. घासल्यावर थुंका, पण पाण्याने खळाखळा चुळा भरू नका, पेस्टचा पातळ थर दातांवर राहू दे. त्यानंतर पाण्याखेरीज काही नाही, हळदीचं गोड दूध घ्यायचं असेल तर ते घासायच्या आधी. दातांच्या डॉक्टरकडून दर तीन महिन्यांनी फ्लोराइडचं व्हार्निश लावून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. ओठांना साजूक तूप चालतं. नाक चोंदून तोंड उघडं ठेवून झोपत असाल तर आधी नाकाचं बघा, नाहीतर बाकी सगळं करून सकाळी जीभ लाकडासारखीच. आणि ओठांचे कोपरे चिरले, टाळूला लाल किंवा पांढरे चट्टे आले तर ती बुरशी, त्यावर औषध आहे, थांबू नका.

भाकरी सोडू नका. आमटीत किंवा ताकात कुस्करून खा, पण चावून खा. ग्रंथीला काम मिळतं.

सहा आठवड्यांनी दोन्ही आकडे मला कळवा, आधीचा आणि नंतरचा. आणि सासूबाईंना एकदा हळूच विचारा, मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावतात का? तुमच्या भागातल्या त्यांच्या वयाच्या पुष्कळ बायका लावतात. लावत असतील तर तुमच्याबरोबर त्यांनाही दवाखान्यात घेऊन जा. भाकरी उतरते ते ठीकच आहे, पण ती बोट फिरवून लावायची जागा, गालाची आतली बाजू, कुणीतरी उजेडात बघायला हवी.